माउंट काढला म्हणून लेन्स वाया जात नाही

रत्नागिरीत लेन्सच्या माउंटचा कान तुटला की सल्ला ठरलेला : मुंबईला पाठवा, नाहीतर भंगारात काढा. घरी माउंट बदललात तर फोकस कायमचा गेलाच म्हणून समजा. छायाचित्रकारांत हे मत जवळजवळ प्रमाण मानले जाते. मला ते मान्य नाही. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष. माउंट कॅमेऱ्याला जिथे टेकतो तिथपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते : निकॉन एफला 46.5 मिमी, कॅनन ईएफला 44 मिमी. त्यात किंचित फरक पडला तरी प्रतिमा सेन्सरच्या पुढे किंवा मागे पडते. हे तपासायला कॉलिमेटर लागतो आणि तो घरी नसतो. म्हणून घरचे काम म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. यातले विज्ञान बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

पहिला प्रश्न : हे अंतर राखतो कोण? बहुतेक लेन्समध्ये माउंटखाली शिम, म्हणजे धातूच्या कागदासारख्या पातळ चकत्या असतात. जुना माउंट काढताना त्या त्याच क्रमाने, त्याच बाजूने राखल्या आणि दोन्ही माउंटची जाडी मायक्रोमीटरने ताडून पाहिली, तर हरवले काय? मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर लेथवर काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराकडे असतो. लेन्स खरोखर बिघडते ती भलत्याच कारणाने. जपानी लेन्सचे स्क्रू फुलीचे दिसतात, पण ते जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात. साधा फिलिप्स पेचकस लावला की डोके झिजते, हात घसरतो आणि संपर्कबिंदूंची नाजूक पट्टी तुटते. गुन्हा हत्याराचा, शिक्षा मात्र कामाला!

दुसरा प्रश्न : चूक झालीच, तर किती महाग पडते? 50 मिमीची लेन्स 0.1 मिमीने जास्त पुढे बसली, तर रिंग शेवटपर्यंत फिरवूनही फोकस सुमारे 25 मीटरवरच थांबतो. दोष खरा आहे. पण तितकीच मागे बसली, तर रिंग अनंताच्या पलीकडे फिरते इतकेच. रिंगवरचे आकडे खोटे ठरतात, चित्र नाही. ऑटोफोकस तर ते आकडे पाहतच नाही, माउंटमधून आत आलेली प्रतिमा पाहतो. झूमची गोष्ट वेगळी : तिथे झूम करताच फोकस सरकतो, म्हणून तिथे काळजी दुप्पट हवी.

तिसरा आक्षेप कॉलिमेटरचा, आणि तोच सर्वांत भक्कम मानला जातो. पण कॉलिमेटर करतो काय? बंद खोलीत अनंतावरचे लक्ष्य उभे करतो. रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर समुद्राचे क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असते. 50 मिमीच्या लेन्ससाठी हे अंतर आणि खरा अनंत यांच्या प्रतिमेतला फरक 0.0006 मिमीहूनही कमी. सकाळच्या स्वच्छ हवेत ट्रायपॉड लावा, छिद्र पूर्ण उघडा, क्षितिज चौकटीत आडवे घ्या आणि स्क्रीनवर मोठे करून पाहा. मध्यभागी फोकस लागतो का? डावे-उजवे टोक सारखेच स्पष्ट आहे का? एक बाजू मऊ पडली तर माउंट तिरका बसला. ज्या गावाला हे लक्ष्य फुकट मिळाले आहे, त्याने साधन नाही म्हणून हात टेकावेत?

आणि अचूकता फक्त कारखान्यातच जन्मते हे कोणी ठरवले? आंबा घाटापलीकडे कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी सहकारी दामले यांच्या साथीने चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यांचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला.

मर्यादा मान्य करतो. एफ 1.4 वर सेन्सरपाशी मुभा जेमतेम 0.04 मिमीची, एफ 8 वर 0.24 मिमीची. म्हणून फार उजळ लेन्स आणि कॅमेऱ्याच्या बॉडीवरचा माउंट जाणकाराकडेच न्यावा. बॉडीवर चूक झाली तर प्रत्येक लेन्सला भोगावी लागते. पण अपवाद म्हणजे नियम नव्हे. साध्या लेन्सचा तुटका माउंट शिम राखून, जाडी मोजून, क्षितिजावर तपासून बदलावा. लेन्स भंगारात काढण्याआधी एवढी परीक्षा तिला मिळालीच पाहिजे.