मिजेट शर्यती मोटारी व त्यांचे जतन

मिजेट शर्यती मोटारी व त्यांचे जतन : लहान बांध्याच्या, एकाच आसनाच्या, उघड्या चाकांच्या आणि आखूड लंबवर्तुळाकार धावपट्टीसाठीच बांधलेल्या शर्यती मोटारीस ‘मिजेट’ असे म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘ठेंगू’ असा आहे. जुन्या मिजेट मोटारीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर सामान्यतः १·७ ते १·९ मी. आणि वजन सु. ४०० किग्रॅ. असे. या मोटारींच्या शर्यती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३३ मध्ये सुरू झाल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे भरभराटीस आल्या व १९५० च्या सुमारास त्यांना ओहोटी लागली. त्यांच्या आद्य धावपट्ट्यांपैकी बहुतेक नामशेष झाल्या असून लहान कर्मशाळांतून मोटारी बांधणाऱ्या कारागिरांनी लेखी नोंदी फारशा ठेवल्या नाहीत. त्यामुळे टिकून राहिलेल्या मोटारी आणि त्यांच्याशी निगडित माणसांच्या आठवणी हीच या क्रीडेच्या इतिहासाची प्रमुख साधने होत. ती सांभाळण्याचे कार्य मुख्यत्वे निवृत्त चालक, यंत्रकारागीर, त्यांचे कुटुंबीय व हौशी संग्राहक यांनी केले आहे.

उगम व प्रसार : संघटित स्वरूपाची पहिली मिजेट शर्यत ४ जून १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे झाली. त्याच वर्षी १० ऑगस्टपासून लॉस अँजेल्सच्या लोयोला हायस्कूलच्या क्रीडांगणावर दर आठवड्यास शर्यती भरू लागल्या. हा काळ आर्थिक महामंदीचा होता. मोठ्या शर्यती मोटारी बांधणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेले होते. मिजेट मोटार मात्र जुन्या गाड्यांचे सुटे भाग, मोटारसायकलीचे किंवा नावेच्या बाहेरील बाजूस बसवावयाचे एंजिन आणि घरामागची शेड एवढ्या सामग्रीवर तयार होऊ शके. धावपट्टीसाठीही शाळेचे क्रीडांगण वा सायकल शर्यतींचा मार्ग पुरेसा होई. शर्यत रात्री दिव्यांच्या उजेडात होत असल्याने दिवसभर काम करणाऱ्या मजुरास व कारकुनास ती पाहता येई. मोटार शर्यत शहराच्या वस्तीत आणली गेली, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय.

मिजेट शर्यतींसाठी उपयुक्त ठरलेले गिल्मोर स्टेडियम १९३४ मध्ये लॉस अँजेल्स येथे उभे राहिले. त्याच वर्षी तेथे अमेरिकेतील कृतज्ञता दिनी भरविलेली ‘टर्की नाइट ग्रां प्री’ ही शर्यत बॉब स्वॉन्सन याने जिंकली. डिसेंबर १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे व १९३७ मध्ये न्यूझीलंडमध्ये या शर्यती पोहोचल्या. ऑस्ट्रेलियात या मोटारींस ‘स्पीडकार’ हे नाव रूढ झाले. पुढे १९५९, १९६० व १९६६ या वर्षी फॉर्म्युला वन विश्वविजेता ठरलेला जॅक ब्रॅबम याने आपल्या कारकीर्दीचा आरंभ सिडनीच्या परिसरात स्पीडकार चालवूनच केला.

रचना व निर्मिती : आरंभीच्या मिजेट मोटारींत एकसारखेपणा नव्हता. १९३४ मध्ये फ्रेड ऑफनहाउसर यांच्या कर्मशाळेत खास मिजेटसाठी चार सिलिंडरांचे, सु. १,५९० घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन तयार झाले. या एंजिनाचा ठोकळा व वरचा भाग एकाच ओतकामात घडविलेला असे [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. ‘ऑफी’ या लाडक्या नावाने ओळखले गेलेले हे एंजिन महाग होते. ज्यांना ते परवडत नसे ते फोर्ड कंपनीचे १९३७ पासून मिळू लागलेले साठ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे एंजिन वापरीत. सांगाड्यांच्या निर्मितीत फ्रँक कर्टिस यांचे स्थान सर्वोच्च मानले जाते. महायुद्धानंतर त्यांच्या ‘कर्टिस क्राफ्ट’ कारखान्याने ५५० हून अधिक तयार मिजेट मोटारी विकल्या आणि सु. ६०० मोटारींचे सुटे संच पुरविले. याच कारखान्याच्या मोटारींनी १९५० ते १९५५ या काळात इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत पाच वेळा जिंकली.

नेहमीच्या मोटारीतील अनेक भाग मिजेटमध्ये नसत. वेग बदलणारी गिअर पेटी नसे. एंजिन आणि मागील आस यांचा सांधा एका दांड्याने जोडता वा तोडता येई आणि मोटार सुरू करण्यासाठी तिला मागून दुसऱ्या गाडीने ढकलावे लागे. इंधन म्हणून मिथिल अल्कोहॉल आणि वंगण म्हणून पुष्कळदा एरंडेल वापरीत. जळणाऱ्या एरंडेलाचा वास हा जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींतील एक ठळक भाग आहे. चालकाच्या डोक्यावर आरंभी चामड्याची टोपी असे व मोटार उलटल्यास त्याचे रक्षण करणारी कोणतीही चौकट नसे.

भरभराट व ओहोटी : महायुद्धामुळे जुलै १९४२ अखेर अमेरिकेतील सर्व मोटार शर्यती बंद करण्यात आल्या. १९४५ मध्ये बंदी उठताच मिजेट शर्यतींना अपूर्व गर्दी लोटली. पॅसाडेना येथील रोझ बोल व शिकागोतील सोल्जर फील्ड यांसारख्या भव्य क्रीडागारांतही त्या झाल्या. परंतु हा बहर अल्पकाळ टिकला. शर्यतींची संख्या बेसुमार वाढली, प्रेक्षक नेहमीच्या बनावटीच्या मोटारींच्या शर्यतींकडे वळले आणि दूरचित्रवाणीमुळे संध्याकाळची करमणूक घरात आली. गिल्मोर स्टेडियम पाडले गेले व १९५२ मध्ये त्या परिसरात ‘सीबीएस टेलिव्हिजन सिटी’ ही दूरचित्रवाणीची वास्तू सुरू झाली. टर्की नाइट शर्यत ज्या गार्डिना येथील ॲस्कॉट पार्कमध्ये दीर्घकाळ झाली, ती धावपट्टीही नोव्हेंबर १९९० मध्ये त्याच शर्यतीनंतर कायमची बंद पडली. शहराच्या वस्तीत असणे हे या धावपट्ट्यांचे बळ होते. जमिनीची किंमत वाढल्यावर तेच त्यांच्या नाशाचे कारण ठरले.

मिजेट शर्यती मात्र संपल्या नाहीत. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने १९५५ मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतल्यावर ‘युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब’ ही संस्था स्थापन होऊन १९५६ पासून तिच्या नियंत्रणाखाली राष्ट्रीय मिजेट स्पर्धा होऊ लागल्या. १९८७ पासून टल्सा येथे ‘चिली बोल’ ही छपराखालील शर्यत भरते. जुन्या मोटारींचे स्थान मात्र नव्या रचनांनी घेतले. १९७० नंतर चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा सार्वत्रिक झाला आणि त्यापूर्वीच्या मोटारी स्पर्धेतून बाद झाल्या. पिंजऱ्याचे आगमन हीच जुनी व नवी मिजेट यांमधील सीमारेषा जतन करणारी मंडळी सामान्यतः मानतात.

स्मरणाची सुरुवात : जुन्या मोटारींविषयीची आस्था प्रथम माणसांच्या स्मरणातून निर्माण झाली. या शर्यतींत मृत्यू नित्याचा होता. पहिल्या टर्की नाइट शर्यतीचा विजेता स्वॉन्सन १९४० मध्ये ओहायओतील टोलीडो येथे मिजेट चालवीत असतानाच अपघातात सापडून मरण पावला. मिजेट शर्यतींतून पुढे येऊन १९५३ व १९५४ मध्ये इंडियानापोलिसची शर्यत जिंकणारा बिल व्हूकोविच १९५५ मध्ये त्याच शर्यतीत आघाडीवर असताना ठार झाला. यांची नावे ग्रंथांत आली. लहान गावांच्या धावपट्ट्यांवर मेलेल्या अनेकांची नावे सोबत्यांच्या स्मृतीतच राहिली. वाचलेले चालक व कारागीर वर्षातून एकदा जमू लागले. अशा मेळाव्यांत छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका व कात्रणे यांची देवघेव होई आणि एखादी मोडकी मोटार कोणाच्या गोठ्यात वा शेडमध्ये पडून आहे, हेही तेथेच कळे.

या अनौपचारिक प्रयत्नांतून पुढे संस्था उभ्या राहिल्या. विस्कॉन्सिनमधील सन प्रेअरी येथील एंजल पार्क या जुन्या धावपट्टीशी संलग्न अशा ‘नॅशनल मिजेट ऑटो रेसिंग हॉल ऑफ फेम’ने १९८४ पासून चालक, निर्माते व संयोजक यांचा गौरव सुरू केला. तेथे निवड झालेली चालकेतर अशी पहिली व्यक्ती फ्रँक कर्टिस ही होय. पेनसिल्व्हेनियातील ‘ईस्टर्न म्यूझीयम ऑफ मोटर रेसिंग’ व नेब्रॅस्कातील लिंकन येथील ‘म्यूझीयम ऑफ अमेरिकन स्पीड’ यांच्या संग्रहांतही मिजेट मोटारी आहेत. याखेरीज अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवर, तसेच ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये, जुन्या मोटारी धावपट्टीवर आणून दाखविणारी मंडळे आहेत. त्यांच्या फेऱ्या स्पर्धा म्हणून नव्हे, तर प्रात्यक्षिक म्हणून होतात आणि पुढे जाण्याच्या चढाओढीस तेथे मज्जाव असतो. वृद्ध चालक व पिंजराविरहित मोटार यांचा विचार करता हा निर्बंध आवश्यकच ठरतो.

जतनातील तांत्रिक अडचणी : मिजेट मोटार काही वर्षे टिकावी एवढ्याच बेताने बांधलेली असल्याने तिचे जतन अवघड आहे. मिथिल अल्कोहॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांचे भाग कुरतडते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर इंधननळ्या रिकाम्या करून एंजिनात तेल फिरवावे लागते. एरंडेलाचे साठून राहिलेले वंगण कालांतराने चिकट रोगणासारखे घट्ट होते. महायुद्धानंतर टेड हॅलिब्रँड यांच्या कर्मशाळेने पुरविलेली मॅग्नेशियमची चाके वजनाने हलकी होती, परंतु अनेक दशकांनंतर ती गंजतात व ठिसूळ होतात. ती लावून वेगाने धावणे धोक्याचे असते. ऑफी एंजिनाच्या एकसंध ओतकामास तडा गेल्यास दुरुस्ती अत्यंत कौशल्याची होते. हे कौशल्य पुस्तकांतून मिळणारे नाही. झडपांची बैठक किती घासावी, मागील दंतचक्रांचे प्रमाण कोणत्या धावपट्टीस कोणते असावे, यांसारखे ज्ञान कारागिराकडून कारागिराकडेच जाते. परिणामी जतनाच्या कार्यात मोटारीइतकेच तिच्यावरील हात टिकविणे महत्त्वाचे ठरते.

अस्सलपणाचा प्रश्न : मिजेटच्या जतनात सर्वांत वादग्रस्त प्रश्न अस्सलपणाचा आहे. एखादी कर्टिस क्राफ्ट मोटार वीस वर्षांच्या वापरात पाच-सहा मालकांकडे जाई. प्रत्येक मालक तिचा रंग व क्रमांक बदली, अपघातानंतर सांगाड्याचा भाग कापून नवा जोडी, फोर्डचे एंजिन काढून ऑफी बसवी. अशा मोटारीचे मूळ रूप कोणते मानावे, हे ठरविणे सोपे नसते. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचे रूप काही जण प्रमाण मानतात, तर काही जण एखाद्या नामवंत चालकाने ती जिंकली त्या वर्षाचे. जोडकामाच्या खुणा व पोचे जसेच्या तसे ठेवावेत, कारण तोच मोटारीचा खरा इतिहास होय, असे तिसरे मत आहे. पुनर्बांधणी करताना रंगाचे जुने थर खरवडले जातात आणि त्यांबरोबर पूर्वीच्या मालकांची नावेही पुसली जातात. चकचकीत झालेली मोटार पाहण्यास सुखद असली, तरी ऐतिहासिक साधन म्हणून तिचे मूल्य घटलेले असण्याचा संभव असतो.

मोटारींना किंमत येऊ लागल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. सुट्या संचांतून जुळविलेल्या मोटारी कारखान्यात तयार झालेल्या मोटारींपासून वेगळ्या ओळखणे कठीण असते आणि एका मोडक्या मोटारीच्या तुकड्यांतून दोन मोटारी उभारणेही अशक्य नाही. अशा वेळी एखादे जुने छायाचित्र किंवा ‘हा सांधा मी जोडला होता’ असे सांगणारा कारागीर हाच निर्णायक पुरावा ठरतो. तथापि आठवण हे साधनही दोषमुक्त नाही. तीत विजय ठळक राहतात, कर्जबाजारीपणा व पराभव मागे पडतात. कोणाची आठवण ठेवली जाते, हाही प्रश्न आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या शर्यतींत कृष्णवर्णीय चालकांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता. तिचा परवाना मिळालेला पहिला कृष्णवर्णीय चालक जोई रे याला तो १९४७ मध्ये मिळाला. संघटनेबाहेरच्या शर्यतींत नाव कमावलेला राजो जॅक याची निवड आयोवातील नॉक्सव्हिल येथील ‘नॅशनल स्प्रिंट कार हॉल ऑफ फेम’मध्ये २००७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने झाली.

महत्त्व : मिजेटच्या इतिहासात एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. जुलै १९५९ मध्ये कनेक्टिकटमधील लाइम रॉक येथील वळणावळणाच्या मार्गावर रॉजर वॉर्ड याने जुन्या कर्टिस-ऑफी मिजेटमधून महागड्या युरोपीय मोटारींना हरविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सीब्रिंग येथील फॉर्म्युला वन शर्यतीत तो मिजेट घेऊन उतरला, तेव्हा मात्र सर्वांत मागून निघून विसाव्या फेरीत क्लच निकामी झाल्याने त्यास थांबावे लागले. हौशी मंडळी पहिला प्रसंग आवडीने सांगतात. दुसरा प्रसंगही तितकाच बोलका आहे, कारण ही मोटार एका विशिष्ट धावपट्टीसाठी व विशिष्ट काळासाठी घडविली गेली होती, हे त्यावरून दिसते. ती धावपट्टी व तो काळ दोन्ही राहिले नसताना मोटारीचा अर्थ सांगण्याचे काम तिच्याविषयीच्या माहितीलाच करावे लागते. त्या पिढीतील चालक व कारागीर आता फारच थोडे उरले आहेत. त्यामुळे मोटारींच्या पुनर्बांधणीबरोबरच मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रांवर नावे व तारखा लिहून ठेवणे आणि दुरुस्तीपूर्वीच्या स्थितीची नोंद करणे ही कामे तातडीची ठरतात. ज्या मोटारीमागे अशी नोंद नाही, ती उत्तम स्थितीत असूनही तिच्याविषयी पुढील पिढीस निश्चित असे फार थोडे सांगता येईल.