जलकीटकांची साक्ष

१/ जुलै २०१३. इंग्लंडमधील केनेट नदीत मार्लबरोजवळ काही स्वयंसेवक नेहमीच्या मोजणीसाठी जाळी घेऊन उतरले. जाळीत नेहमीचे जलकीटक जवळजवळ आढळलेच नाहीत.

२/ तपासाअंती उलगडा झाला. मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनाही परिचित असलेले क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाण्यावाटे नदीत मिसळले होते. सुमारे १५ किलोमीटर पात्राला त्याची झळ पोहोचली.

३/ या जाळीमागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. १९०२ ते १९०९ या काळात कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी दूषित पाण्यात कोणते जीव तगतात व कोणते नाहीसे होतात, याची वर्गवारी केली. बाटलीतील नमुना त्या क्षणाचे पाणी दाखवतो. दगडाखाली वाढणारी अळी मागील कित्येक आठवड्यांची साक्ष देते.

४/ १९६९ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड येथे ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ उपक्रम सुरू झाला आणि हे ज्ञान नागरिकांच्या हाती येऊ लागले. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये नेमलेल्या कार्यगटाने कीटकांच्या कुळांना १ ते १० गुण दिले. स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यातील स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना १०, तर घाणीत तगणाऱ्या जलकृमींना १. प्रजाती ओळखण्याची गरज उरली नाही.

५/ २००७ पासून ब्रिटनमधील हौशी मासेमार अवघे आठ जीवगट मोजू लागले. संख्या ठरलेल्या मर्यादेखाली गेली की पर्यावरण यंत्रणेला कळवायचे, हा नियम.

६/ भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ब्रिटिश गुणपद्धतीचा आधार घेत ‘अ’ ते ‘इ’ असे पाच जैविक दर्जे आखले.

७/ परंतु परदेशी कोष्टक जसेच्या तसे परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या शिवारात चालणार नाही. येथील ओढे पावसाळ्यात फोफावतात आणि उन्हाळ्यात आटतात. थंड, वाहत्या पाण्यातील स्टोनफ्लाय येथे न आढळणे हा प्रदूषणाचा पुरावा ठरत नाही. पावसाळा ओसरल्यावर त्याच जागी दरवर्षी चतुर, टाचणी व मेफ्लायच्या अळ्या मोजल्या, तरच त्या ओढ्याचे स्वतःचे कोष्टक तयार होईल. मेफ्लाय घटून लाल कायरोनोमिड अळ्याच उरल्या, तर प्राणवायू कमी झाल्याची शंका घ्यावी.

८/ केनेटची रिकामी जाळी बोलली, कारण आधीच्या भरलेल्या जाळ्यांची नोंद वहीत होती. ज्या ओढ्याची अशी नोंद नाही, त्याचे कीटक नाहीसे झाले तरी कोणाला कळत नाही.