खंदक, भेकडपणा आणि मेंदू

फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून ‘शेल शॉक’ ही संज्ञा छापून आली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसतो आणि सैनिकाची वाचा, दृष्टी वा स्मृती जाते, अशी प्रारंभीची समजूत होती. ती टिकली नाही. ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता असेही कोसळत होते, आणि त्याच खंदकातले इतर शाबूत राहत होते. मग फरक कशाचा? लष्करापाशी उत्तर तयार होते : चारित्र्याचा. भेकडपणा, पलायन यांसारख्या लष्करी गुन्ह्यांसाठी त्या युद्धात ब्रिटन व साम्राज्यातील ३०६ सैनिकांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या.

साहित्याच्या अभ्यासकांना हा इतिहास क्रेगलॉकहार्टमुळे ठाऊक असतो. एडिंबरानजीकच्या या रुग्णालयात १९१७ साली विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रिड ससून भेटले. तेथील डॉ. रिव्हर्स (निलगिरीतील तोडांवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे तेच) यांचे एक निरीक्षण मला त्या भेटीइतकेच मोलाचे वाटते. शिपायांची वाचा जाई, हातपाय लुळे पडत. अधिकाऱ्यांना मात्र चिंता ग्रासत असे. हा भेद त्यांनी शिक्षणात आणि जबाबदारीत शोधला. आघात तोच, पण माणूस आधी कसा घडला आहे यावर प्रतिसाद ठरतो, इथवर ते पोचले. जिवंत मेंदूत डोकावण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते आल्यावर, व्हिएतनाम युद्धानंतर आघातोत्तर विकाराने ग्रासलेल्यांच्या मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ हा स्मृतीशी निगडित भाग लहान आढळला. युद्धाने तो झिजला, असे म्हणणे सोपे होते. २००२ साली गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या. तीव्र विकार जडलेल्या सैनिकाच्या, युद्धभूमी न पाहिलेल्या भावाचाही हा भाग तसाच लहान निघाला. म्हणजे फरकाचा काही अंश आधीचाच होता.

पण ‘आधीचा’ म्हणजे ‘उपजत’ नव्हे. जुळ्यांचे केवळ रक्तच नव्हे, घरही बहुधा एकच असते. मायकेल मीनी यांच्या १९९७ च्या प्रयोगांत, ज्या उंदरांच्या पिलांना आईने अधिक चाटले त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तणावाच्या संप्रेरकांचे ग्राहक अधिक आढळले, आणि मोठेपणी त्यांची तणाव-प्रतिक्रिया सौम्य राहिली. हे विसरले, तर ‘दुबळे चारित्र्य’ जाऊन ‘दुबळा मेंदू’ येईल. आरोपपत्र तेच राहील.

ब्रिटिश संसदेने २००६ च्या सशस्त्र दल कायद्याने त्या ३०६ जणांना माफी दिली. त्याच कलमात नमूद आहे, की या माफीने दोषसिद्धी वा शिक्षा यांना बाध येत नाही.