बलव्यायाम, घरगुती

घरच्या घरी, ठरलेल्या दिवशी, नोंद ठेवून आणि भार क्रमाक्रमाने वाढवत स्नायूंची ताकद कमावण्याची पद्धत. चालण्या-पळण्याने दम वाढतो. उचलण्याची, ढकलण्याची, ओढण्याची शक्ती बलव्यायामाने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मुख्य स्नायूंना असा व्यायाम द्यावा.

मानकोलीसारख्या गावात या विषयाला वेगळा अर्थ आहे. भिवंडी तालुक्यातले हे गाव मुंबई–नाशिक महामार्गावर आहे. आसपास वळ, दापोडे, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामांची दाटी आहे.  दिवसभर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना व्यायाम कशाला हवा, असे इथे सहज म्हटले जाते. ही समजूत चुकीची आहे. ५० किलोची गोणी पहिल्या दिवशी ५० किलोची असते आणि दहा वर्षांनीही तेवढीच. अंगाची तयारी आहे का, हे ती विचारत नाही. विश्रांती मिळते ती गाडी रिकामी झाल्यावर. ओझे बहुधा त्याच खांद्यावर, वाकणेही त्याच बाजूला. कष्टाने शरीर झिजते. बलव्यायामात भार अंगाला झेपेल तेवढाच असतो, आणि मधल्या विश्रांतीच्या दिवसांत स्नायू भरून निघतो. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याच्या नोकरीच्या व कल्याणाच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याच्या पाठीचे रक्षण मात्र बऱ्याच अंशी घरातल्या पंधरा-वीस मिनिटांवर अवलंबून असते.

मराठी मुलखाला हा विषय नवा नाही. तालमीतले जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा घरोघरी प्रसार केला. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेला *व्यायाम ज्ञानकोश* १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. या परंपरेचे बळ शिस्तीत होते. उणीवही होती, ती स्पष्ट सांगायला हवी : प्रगती मोजायची ती आकड्यावर, म्हणजे आज पन्नास जोर तर उद्या साठ. एका मर्यादेनंतर त्याने चिवटपणा वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. शिवाय जोर-बैठकांत ढकलणे आहे, ओढणे नाही. ती भर मल्लखांबावर आणि कुस्तीच्या हौद्यात पडत असे. नुसते जोर मारणाऱ्याचे खांदे पुढे झुकतात ते यामुळे.

भार वाढवत नेण्याच्या तत्त्वाला वैद्यकीय रूप दिले अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे सावरताना त्यांनी जड वजन, मोजकी आवर्तने आणि ठरावीक वाढ ही रीत वापरली व १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज जगभर हीच रीत पायाभूत मानली जाते.

घरी सुरुवात करताना पाच हालचाली पुरतात : बैठक, जोर, ओढणे, कमरेतून वाकून उचलणे आणि प्लँक, म्हणजे कोपर व पायाची बोटे जमिनीला टेकवून अंग सरळ धरून ठेवणे. दहा बाय दहाच्या खोलीत हे सगळे बसते. जोर जमत नसेल तर हात उंचावर टेकवावेत. लादीवरच्या जोरात हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो, गुडघे टेकल्यास ४९ टक्के आणि हात ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवल्यास ४१ टक्के. म्हणजे पलंगाच्या काठापासून लादीपर्यंत उतरत जाणे हीच भारवाढ. ओढण्यासाठी सॅक घ्यावी आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या भराव्यात. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. आज चार बाटल्या, पंधरा दिवसांनी पाच, असा हिशेब सोपा पडतो. उचलण्यासाठी वीस लिटरचा जार घेतला, तर तो मात्र पूर्ण भरलेला असावा. अर्धवट जारमधले पाणी हिंदकळते आणि नेमके उचलतानाच कंबर ओढली जाते.

आठवड्यात एक दिवसाआड तीन दिवस, प्रत्येक हालचालीचे दोन सेट, सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने. प्लँक तेवढा सेकंदांवर मोजावा. आणखी दोन आवर्तने निघाली असती, असे वाटते तिथे थांबावे. दोन्ही सेटमध्ये बारा सहज होऊ लागली की भार वाढवावा, त्याआधी नाही. ज्यांचे कामच ओझ्याचे आहे त्यांनी दोनच दिवस करावे, रात्रपाळी असेल तर झोप झाल्यावर, आणि भर ओढण्यावर व प्लँकवर ठेवावा. गोदामात स्कॅनर घेऊन उभे राहणाऱ्यांना किंवा खुर्चीत बसणाऱ्यांना तिन्ही दिवस हवेत. दोनशे पानी वहीत तारीख, भार, आवर्तने लिहावीत. वहीशिवाय केलेला व्यायाम व्यायामच असतो, पण त्याला कार्यक्रम म्हणता येत नाही.

पहिल्या आठवड्यात अंग आंबते. ते दोन-तीन दिवसांत उतरते. सांध्यात टोचणारी कळ मात्र वेगळी, तिथे थांबावे. जोर लावताना श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्याने येते, म्हणून दंड दिसायला तसाच राहतो. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण सोडून देतात.

वय ही अडचण नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात सरासरी ९० वर्षे वयाच्या, वृद्धनिवासात राहणाऱ्या अशक्त व्यक्तींना आठ आठवडे मांडीचा भारव्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. घरात आजी-आजोबा असतील, तर डॉक्टरांना विचारून भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्यावा, आणि वहीत त्यांचे नाव लिहावे.