मुक्काम मुंबई

१९७० सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस, न्यूयॉर्कनजीक डिक्स हिल्स येथील आपल्या राहत्या घरातील ध्वनिमुद्रणशाळेत, अ‍ॅलिस कोलट्रेन या जाझ-वादिकेने एक छोटी रचना वाजवून तिला ‘स्टॉपओव्हर बॉम्बे’, म्हणजे मुक्काम मुंबई, असे नाव दिले. परंतु आपले गुरू स्वामी सच्चिदानंद यांच्यासमवेत हिंदुस्थानात व सिंहलद्वीपात पाच आठवडे घालविण्याची तजवीज पुढच्या डिसेंबरातली होती, म्हणजे मुक्काम सुरांत आधी पडला आणि प्रवास मागाहून घडला.

हिंदुस्थानाच्या या ओढीचे मूळ मात्र जुने होते. पती जॉन कोलट्रेन यांनी १९६१ साली ‘इंडिया’ नामक रचना वाजविली, आणि १९६५ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव पंडित रविशंकरांवरून रवि असे ठेविले. १९६७ च्या जुलैत ते निवर्तले. त्यांनी मागविलेली हार्प त्यांच्या पश्चात घरी येऊन पोहोचली, आणि त्या वियोगात अ‍ॅलिस त्या वाद्यापाशी बसू लागल्या. त्यांच्या संगीतातील शांतीची किंमत किती जबर होती, हे या एका गोष्टीवरून मला कळते.

‘स्टॉपओव्हर बॉम्बे’ जिच्यात आहे ती ‘जर्नी इन सच्चिदानंद’ ही तबकडी १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच रचनेत तंबोऱ्याची आस ऐकू येते. वाजविणाऱ्याची नोंद ‘तुलसी’ एवढीच आहे. सेसिल मॅक्बी यांनी बासवर एक आटोपशीर वाक्य धरले आहे, आणि कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद धरून ठेवावे तसे ते पुन:पुन्हा त्याच वाक्यावर येतात. त्यावर हार्पच्या तारांची सर ओघळते, आणि मग फरोआ सँडर्स यांचा सोप्रानो सॅक्सोफोन सावकाश आत येतो. जाझमधील उत्स्फूर्त वादन एरवी बदलत्या स्वरसंघातांच्या पायऱ्यांवरून चढते-उतरते. येथे पायाखालची भूमीच हलत नाही, आणि म्हणून वादकास कोठे जाण्याची घाई उरत नाही. जवारी नीट लागलेला तंबोरा ज्यांनी लहानपणापासून ऐकला, त्यांना हे स्थैर्य ओळखीचे वाटेल. परंतु आपल्या मैफलीत गवयाच्या पाठीशी बसणारा तो सूर येथे बासच्या जोडीने पुढे येऊन बसला आहे, हे मला विलक्षण वाटते.

तबकडीतील अखेरची रचना १९७० च्याच ४ जुलैस न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज गेट’मध्ये श्रोत्यांसमोर मुद्रित झालेली, तीत तंबोऱ्याच्या जागी विष्णू वुड यांचे ऊद हे अरबी वाद्य आहे. मुंबईचा मुक्काम मात्र पुरता तीन मिनिटांचाही नाही. तंबोरा झंकारत असतानाच तो हलतो.