माळरानातील न्यायमूर्ती

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री-न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर १ डिसेंबर २०२३ रोजी फिनिक्स येथे वयाच्या ९३ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांचे निकाल कायद्याचे अभ्यासक वाचतीलच. आम्हांस येथे स्मरण करावयाचे आहे ते त्या निकालांमागील माणसाचे.

त्यांचा जन्म २६ मार्च १९३० चा. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर 'लेझी बी' नावाचे त्यांच्या घराण्याचे गुरांचे रान होते. विस्तार जवळजवळ दोन लाख एकर. परंतु त्यावरून ऐश्वर्याची कल्पना करू नये. प्रदेश रुक्ष, पावसाचा भरवसा नाही. पवनचक्क्यांनी विहिरींचे पाणी उपसावे तेव्हा गुरे जगावीत. बाई सात वर्षांच्या होईतो घरात ना वीज होती, ना नळाचे पाणी. शाळेसाठी त्यांना एल पासो शहरी आजीकडे राहावे लागे. सुटी लागली की पुन्हा घोड्याची पाठ आणि रान.

भावासह २००२ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. दूर रानात काम करणाऱ्या गड्यांचे जेवण घेऊन ही किशोरवयीन मुलगी एकटीच मोटार हाकीत निघाली. वाटेत चाक बसले. नट काही केल्या सुटेनात, तेव्हा पान्यावर अंगाचा सारा भार टाकून तिने ते सोडविले, चाक बदलले आणि ती उशिरा पोचली. शाबासकीची अपेक्षा होती. वडील एवढेच म्हणाले की, आणखी लवकर निघावयास हवे होते. हे बोल कठोर वाटतील. पण ज्या रानात चाक बसणे नित्याचे, तेथे त्याची तजवीज मनात धरूनच निघावे लागते. सबबीला तेथे किंमत नसे.

हा धडा पुढे उपयोगी पडला. १९५२ साली स्टॅनफर्डहून कायद्याची पदवी उत्तम रीतीने मिळवूनही वकिलांच्या कचेऱ्यांनी त्यांना स्त्री म्हणून दारातूनच परत पाठविले; एकीने चिटणिसाची जागा तेवढी देऊ केली. तेव्हा त्यांनी कॅलिफोर्नियातील एका सरकारी वकिलाच्या कचेरीत आरंभी बिनपगारी काम पत्करले. १९७३ साली ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये त्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. देशातील कोणत्याही राज्यात हा मान स्त्रीला प्रथमच मिळत होता. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांचे नाव सुचविले आणि सिनेटने ते ९९ विरुद्ध ० मतांनी मान्य केले.

बाई ख्रिस्ती, एपिस्कोपल पंथाच्या. तरीही १९८४ च्या एका निकालात त्यांनी स्वतंत्र मत लिहून असे प्रतिपादिले की, सरकारने एखाद्या धर्माची पाठराखण केली, तर इतर धर्मीयांस आपण परके आहोत असे वाटू लागते. म्हणून ती करू नये. न्यायालयाने २०२२ साली ही कसोटी सोडून दिली. त्या देशात स्थायिक होऊन मंदिरे उभारणाऱ्या आमच्या बांधवांस या विचाराचे मोल निराळे सांगावयास नको. बहुसंख्यांच्या धर्मात जन्मलेल्या व्यक्तीने अल्पसंख्यांच्या मनाचा असा विचार करावा, हे कोणत्याही देशात दुर्मीळच. आपणही तो घ्यावा, आपल्या गावी.

पतींस स्मृतिभ्रंश झाला, म्हणून २००६ साली त्यांनी आजन्म लाभलेले पद सोडले. शुश्रूषागृहात पतींचे मन दुसऱ्या एका रुग्ण स्त्रीत गुंतले. ते सुखात आहेत यातच बाईंनी समाधान मानले. २००९ मध्ये पती गेले. त्याच वर्षी मुलांना नागरिकशास्त्र शिकविणारी एक संस्था त्यांनी उभी केली. २०१८ साली तोच विकार आपणांसही जडल्याचे त्यांनी पत्र लिहून स्वतःच जाहीर केले आणि सार्वजनिक जीवनातून निरोप घेतला.

त्यांच्या मृत्यूपूर्वी आठच दिवस, २३ नोव्हेंबर २०२३ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री-न्यायाधीश फातिमा बीवी निवर्तल्या होत्या. एक वाळवंटी रानातली, एक केरळातली; दोघींनीही वाट पहिल्यांदा तुडविली. मागून येणाऱ्यांस ती सोपी झाली, एवढे ऋण आम्ही येथे नोंदवितो.