गाणारी क्रांती

१७. लेखकाने येथे ज्याला ‘गाण्याचे वर्ष’ म्हटले आहे, ते १९८८. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता आणि लोकवस्ती जेमतेम १५ लाख. जूनमध्ये राजधानी टॅलिनच्या गीतोत्सव मैदानावर लोक रात्री जमून गात राहिले. त्यावरून चित्रकार हाइन्झ वाल्क यांनी ‘गाणारी क्रांती’ हा शब्दप्रयोग केला. तो नुसता अलंकार नव्हे. निळ्या-काळ्या-पांढऱ्या राष्ट्रध्वजावर बंदी होती, म्हणून एप्रिलमध्ये तार्तू शहरात तीन रंगांचे तीन सुटे झेंडे मिरवले गेले. एकेक कापडाला हरकत कोण घेणार? गोर्बाचेव्ह यांनी दोर सैल सोडला म्हणून हे जमले, गाण्याने राजवटी हलत नाहीत, हा आक्षेप निम्माच खरा. ती ढील पंधराही प्रजासत्ताकांना मिळाली होती. सार्वभौमत्वाचा ठराव मात्र सर्वांत आधी, १६ नोव्हेंबर १९८८ रोजी, एस्टोनियाने केला. फरक पडला तो सवयीमुळे. १८६९ पासून तेथे गायनवृंदांचे गीतोत्सव भरत आले आणि सोव्हिएत काळातही, सरकारमान्य गाणी पदरात घेऊन का होईना, ते टिकले. हजारोंनी जमायचे, एका हाताच्या इशाऱ्यावर गायचे आणि शांतपणे घरी परतायचे, ही तालीम राजकीय आघाडी उभी राहण्याच्या कितीतरी आधी झालेली होती. ११ सप्टेंबर १९८८ च्या गीत-मेळाव्याला ३ लाख लोक आल्याचे सांगतात. आकडा सढळ हाताने मोजलेला असावा, पण गर्दी अफाट होती यात शंका नाही. टॅलिनच्या ‘पिक हर्मन’ बुरुजावर तिरंगी ध्वज २४ फेब्रुवारी १९८९ रोजी चढला.